वाकडं बोट

१

डांगराच्या मळ्यात बोट दाखवायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. आमच्या म्हणजे माझ्या सासरचा. माझं माहेर नाशिकचं, सिडकोतलं. तिथे भोपळा मंडईतून फोडी होऊनच घरी यायचा आणि त्याला कुणी काहीही दाखवलं तरी त्याचं काही बिघडत नसे. लग्न होऊन घोटीच्या पुढे, वैतरणेच्या रस्त्याला आले तेव्हा कळलं, की इथे लाल भोपळ्याला डांगर म्हणतात आणि वेलावरच्या कोवळ्या डांगराकडे सरळ बोट केलं तर ते पिवळं पडून गळतं. दाखवायचंच असेल तर बोट वाकवायचं आणि पेर पुढे करायचं. चुकून सरळ बोट गेलंच, तर लगेच ते स्वतःच्या दातांनी चावायचं, म्हणजे दोष फिटतो.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली बाई. परागीभवन झालं नाही की कोवळी फळं गळतात, नाहीतर फळमाशी डंख मारते म्हणून सडतात, हे मी पहिल्याच पावसाळ्यात सासूबाईंना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"माशी येती ना," त्या म्हणाल्या, "पन तिला वाट कोन दावतं?"

डांगराची जत्रा ही माझी कल्पना. आमचा माळ नाचणीखेरीज कशालाच दाद देत नव्हता. इकडे नाशिकच्या शाळांमधून ऑक्टोबर आला की भोपळ्याला डोळे-नाक-तोंड कोरायची टूम निघालेली, आणि पोरांचे आईबाप भोपळे हुडकत बाजारभर फिरायचे. मी माळावर डांगर लावलं. आता दर रविवारी गाड्या भरून माणसं येतात, वेलावरचं डांगर स्वतः तोडतात, मांडवाखाली बसून कोरतात, आत पणती ठेवून फोटो काढतात, आणि आमच्याकडे कामाला असलेल्या सुलाबाईच्या हातचं पिठलं-भाकरी नि डांगराचे घारगे खाऊन जातात. माझा नवरा योगेश पहिल्या वर्षी याला भुतांचा बाजार म्हणायचा. आता तोच फाटकात उभा राहून गाड्या लावून घेतो.

बोटाचा नियम मी मोडला नाही, उलट त्याचा खेळ केला. सासूबाई मांडवाच्या तोंडाशी स्टुलावर बसायच्या. "पोरांनो, बोट दावायचं नाय. आसं वाकडं करून दावा. चुकलं का लगेच चावा." शहरातली पोरं इतकी खूश व्हायची, की मुद्दाम बोट सरळ करून कचकचून चावून घ्यायची.

त्या वर्षीच्या पहिल्या रविवारी राखी नावाच्या एका बाईंच्या कडेवर जेमतेम वर्षाची पोर होती. तिनं वेलाकडे बोट केलं.

"हिला कुठे कळतंय चावायचं!" राखी हसत म्हणाली.

"ल्हान लेकराचं आईनं चावायचं," सासूबाई म्हणाल्या. "हळू. पन चावायचं."

राखीनं पोरीचं बोट दातांत धरलं, पोर खिदळली, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती आहे. मला तेव्हा चौथा महिना होता. आधी दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा चौथ्यातच सगळं संपलं होतं. घरच्यांनी यंदा जत्रा नको म्हणून पुष्कळ सांगून पाहिलं. पण मी हट्टी आहे. मी ठरवलं होतं, जत्राही होईल आणि बाळही होईल.

२

बुजगावणं मी त्या रविवारनंतर केलं. पाहुणे फाटकातून शिरले की थेट वेलांत घुसायचे. मांडव उजवीकडे आहे हे सांगून सांगून माझा घसा बसला होता. म्हणून बांधावर, वाट फुटते तिथे, बांबूची फुली उभी केली. तिला योगेशचा जुना चौकड्यांचा शर्ट घातला, आत पेंढा कोंबला आणि वर एक भलंमोठं डांगर बसवलं. त्याचं तोंड मी स्वतः कोरलं. डोळे त्रिकोणी, जिवणी रुंद, आणि तिच्यात एकेक करून दात.

डावी बाही सुतळीनं बांधून टाकली. उजव्या बाहीतून मात्र बांबू हातभर बाहेर ठेवला. टोकाकडे तो बारीक होत गेला होता आणि एका पेरावर किंचित फुगला होता, त्यामुळे लांबून अगदी बोट वाटायचं. ते मी मांडवाकडे केलं. पाटी लावायची गरजच उरली नाही, आणि मी माझ्यावरच खूश झाले.

सासूबाई आल्या आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"हात केला ते केला. बोट कशाला केलं?"

"मांडवाकडे आहे आई, वेलांकडे नाही."

"आज मांडवाकडं हाये. वाकवून टाक."

"बांबू आहे तो. वाकवला तर मोडेल."

"मग मोडू दे की."

मी मोडला नाही. एक तर ते इतकं छान जमलं होतं, आणि दुसरं म्हणजे सुनेनं सगळंच ऐकलं तर सासूबाईंना करमणार कसं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडात ब्रश धरून पडवीत आले, तर बोट मांडवाकडे नव्हतं. वेलांकडे होतं. वैतरणेकडून रात्री वारा सुटतो, हे मला माहीत आहे. मी तोंड धुऊन बांधावर गेले, फुली धरून फिरवली, बुडाशी दोन दगड ठोकले आणि चहा प्यायला आत आले.

३

डांगर ओल्या मातीला टेकलं की खालून नासतं, म्हणून फळाखाली पेंढा सरकवत फिरायचं आणि फळ जरासं वळवायचं, हे माझं रोजचं सकाळचं काम. त्या आठवड्यात असंच एक फळ वळवायला गेले आणि अंगठा आत गेला. वरून फळ टणक, तकतकीत. आत नुसतं पाणी. पुढचं फळ तसंच, त्याच्या पुढचंही तसंच. कोवळ्या काकडीएवढ्या फळांचे देठ पिवळे पडले होते आणि हात लावताच ती गळून हातात येत होती.

सुलाबाई धुण्याचे पिळे घेऊन बांधावरून चालली होती. ती थांबली.

"वहिनी, ही वाट कुनी पाडली?"

तेव्हा मी उठून उभी राहिले आणि मला ते दिसलं. वेल माळभर हिरवेगार होते, आणि त्यांच्यातून एक सरळ पिवळा पट्टा गेला होता. पट्ट्याच्या अलीकडचं फळ चांगलं होतं, पलीकडचंही चांगलं होतं. पट्ट्याच्या एका टोकाला कुंपण होतं आणि दुसऱ्या टोकाला बुजगावणं.

कृषी सेवा केंद्रातल्या माणसाला फोटो पाठवला. त्यानं फळमाशी म्हणून सांगितलं. मी सापळे आणून टांगले. सापळे कोरडे राहिले. फळमाशी रांगेत चालत नाही हे मला कळत होतं, पण वाऱ्यानं फिरलेल्या बांबूमुळे फळ सडत नाही हेही कळत होतं. दोन अशक्य गोष्टींतली जी बरी, ती मी धरून ठेवली.

फुलीशेजारी मी एक खांब रोवला, त्याला ती तारेनं आवळून बांधली आणि बोट पुन्हा मांडवाकडे केलं. दोन रात्री गेल्या. तार जशीच्या तशी होती, पीळही तोच आणि गाठही तीच. बोट विहिरीकडे होतं. विहिरीच्या बाजूची फळं मी दाबून पाहिली नाहीत. गरज नव्हती, वास येत होता.

डोक्याचं मात्र नवल होतं. कोरलेलं डांगर आमच्या हवेत चार दिवस टिकत नाही. आतून काळी बुरशी येते, दात आत वळतात आणि तोंड बोळक्या म्हातारीसारखं होतं. मांडवातली सगळी डोकी तशी झाली होती. बुजगावण्याचं डांगर ताजं होतं. कापाच्या कडा ओल्या होत्या, जणू मी आत्ताच सुरी उचलली होती.

४

तपासणीची तारीख आली तेव्हा योगेशनं कामावर रजा टाकली आणि आम्ही नाशिकला गेलो. टेबलावर आडवी झाले. आधीच्या दोन्ही वेळा याच महिन्यात, अशाच टेबलावर, डॉक्टरीणबाई बोलता बोलता गप्प झाल्या होत्या.

या वेळी त्या गप्प झाल्या नाहीत. त्यांनी ठोके ऐकवले. मी रडले, योगेशनं खिडकीकडे तोंड केलं.

"हे बघा," त्या म्हणाल्या, "कसा हात वर केलाय. बोट दाखवतंय तुम्हाला."

पडद्यावरच्या करड्या धुक्यात एक हात होता. चार बोटं मिटलेली आणि एक सरळ.

मी हसले. मग विचारलं, "वाकवतं का ते?"

"वाकवेल की. बाकीची वाकवतंच आहे. हे एक हट्टी दिसतंय. आईवर गेलं असेल."

परतताना घोटीला गाडी थांबवून योगेशनं पेढे घेतले. मी सबंध रस्ताभर बोलत होते. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. गाडी फाटकातून आत वळली आणि मी बोलायची थांबले.

बोट घराकडे होतं.

"वारा असेल गं," योगेश म्हणाला. खरं तर मी काही विचारलंच नव्हतं.

स्वयंपाकघराच्या भिंतीलगत आमचं पपईचं झाड आहे. त्याखाली सासूबाई वाकून काहीतरी वेचत होत्या. मुठीएवढ्या हिरव्या, चिकाळलेल्या पपया. झाडावर एकही उरली नव्हती. बांधावरून निघालेली रेघ मी डोळ्यांनी ओढून पाहिली. ती पपईवरून येऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत शिरत होती, आणि खिडकीखाली माझी खाट होती. दुपारी भाजी चिरून झाली की मी तिथेच आडवी व्हायचे.

सासूबाईंनी एक पेढा देवापुढे ठेवला, एक तोंडात टाकला, आणि पाठ करूनच म्हणाल्या, "आजपासून तू मधल्या खोलीत झोपायचं."

मी खाटेवरची गोधडी उचलली. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांचं एका शब्दात ऐकलं.

५

सकाळी उठून मी बुजगावणं उपटलं. आठवड्यापूर्वी केलं असतं तर शहाणपण म्हटलं असतं, आता ते नुसतं घाबरणं होतं. घाबरले होते, हे कबूल करायला मला लाज नाही. तार कापली, शर्ट उतरवला आणि पेंढा म्हशीपुढे टाकला. म्हशीनं तो हुंगला आणि मान फिरवली. डांगराचं डोकं उचलून उकिरड्यावर फेकायला निघाले, तर ते अपेक्षेपेक्षा जड लागलं. बिया तर मी सगळ्या काढल्या होत्या. आत डोकावून बघावं असं वाटलं, पण बघितलं नाही. ते गोठ्याच्या कोपऱ्यात ठेवलं, शेजारी बांबू नि शर्ट ठेवला, आणि वर गोणपाट टाकलं.

"मोडला का?" सासूबाईंनी विचारलं.

"काढून टाकलंय. आता जाळते."

"जाळून काय व्हतं? दावलेलं दावलंच की. ज्यानं दावलं त्यानं चावायचं, तवाच फिटतं."

"आई, ते बुजगावणं आहे. ते कुठून चावणार?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. दोन्ही खेपेला दवाखान्यातून मला घरी आणलं, तेव्हा याच बाईनं माझे पाय चेपले होते आणि एका शब्दानं काही बोलली नव्हती. आत्ताही त्यांना बोलायचं होतं आणि बोलवत नव्हतं.

"नाय चावनार," त्या शेवटी म्हणाल्या. "त्याला काय कळतंय."

दोन दिवस बरे गेले. नवी फळं नासली नाहीत. मी मधल्या खोलीत झोपत होते, तिथे खिडकी नाही. खोली कोंदट होती आणि तांदळाच्या पोत्यांचा वास यायचा. तो वास मला फार सुरक्षित वाटायचा.

शनिवारी संध्याकाळी योगेश कामावरून आला आणि बराच वेळ बाहेरच खुडबुडत राहिला. आत आला तेव्हा हाताला माती होती.

"उद्याच्या लोकांनी फोन करून विचारलं, ते बुजगावणं आहे ना फोटोला? गोठ्यात बघितलं तर सगळं होतं. उभं करून टाकलं." माझा चेहरा पाहून तो घाईनं म्हणाला, "मांडवाकडेच केलंय बोट. स्वतः बघितलंय मी. घट्ट रोवलंय."

मी उठून जायला हवं होतं. पण तो दिवसभर राबून आला होता, बाहेर अंधार पडला होता, आणि मला स्वतःचीच कीव येत होती. शिकलेली बाई एका काठीला भिते म्हणून मी कूस बदलून झोपले.

६

सकाळी कंबर दुखत होती. ते दुखणं मी ओळखते. कमरेतून निघतं, पोटाला वळसा घालतं आणि मांड्यांत उतरतं. न्हाणीघरात गेले आणि कपड्यावर डाग दिसला.

मी ओरडले नाही. योगेशला हाक मारली आणि शांतपणे सांगितलं. तो किल्ली घेऊन धावला. पण पाहुणे लवकर आले होते आणि आमच्या गाडीपुढे त्यांच्या गाड्या आडव्या-तिडव्या लागल्या होत्या. "ही कुणाची? ही काढा हो, लवकर काढा!" त्याचा आवाज फाटकाकडून येत होता.

सासूबाईंनी मला पडवीतल्या बाकावर बसवलं. "हलू नको. पाय वर घे." आणि त्या आत शाल आणायला गेल्या.

पडवीतून बांध दिसतो. मांडव माणसांनी भरला होता, पोरं डांगराचा गर चमच्यानं खरवडत होती, कुणीतरी मोबाइलवर गाणी लावली होती. सगळ्यांच्या पलीकडे चौकड्यांचा शर्ट घालून ते उभं होतं. बांबूचा बाहेर आलेला भाग मला दिसत नव्हता. दिसत होतं फक्त त्याचं टोक, बटणाएवढं, गोल. बांबू तसा दिसायला तो नेमका तुमच्याकडे असावा लागतो.

मी बाकाच्या या टोकावरून त्या टोकाला सरकले. तरी गोलच दिसत होतं.

पोटात कळ आली आणि कळेबरोबर मला संताप आला. तसा संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता. दोनदा मी पडून राहिले होते. दोनदा पाय वर घेऊन, हलू नको म्हटलं म्हणून न हलता, छताकडे बघत सगळं जाऊ दिलं होतं. या वेळी मी उठले.

पोट दोन्ही हातांनी धरून मी मांडवातून गेले. "मॅडम, हे नाक कसं कापायचं?" कुणीतरी विचारलं. मी चालत राहिले. बांधावर चढताना पायावरून काहीतरी ओलं ओघळलं. मी खाली बघितलं नाही.

ज्यानं दावलं त्यानं चावायचं. त्याला दात होते, मीच कोरले होते, पण त्याला काय कळतंय. लहान लेकराचं आईनं चावायचं. आणि ह्याला कुणी केलं? पेंढा कुणी भरला, डोळे कुणी उघडले? मी त्याच्यापुढे उभी राहिले. जवळून तो नुसता बांबू होता, पिवळट, टोकाला चिरलेला. त्याचं टोक माझ्या हातांना, पोटावरच्या हातांना, टेकत होतं.

मी एक हात सोडवला, बांबू धरला आणि तोंडात घेतला.

बांबूची चव मला माहीत आहे. लहानपणी पतंगाच्या काड्या चावल्यात मी. ती चव आली नाही. जे तोंडात होतं ते कोमट होतं, खारट होतं, आणि हातात धरलं होतं त्याहून फार फार बारीक होतं. माझ्या जिभेला त्याच्या टोकाशी काहीतरी लागलं. तांदळाच्या कणीएवढं, गुळगुळीत.

बांबूला नख नसतं.

त्या क्षणी मी थांबू शकत होते. हे मी पुढे पुष्कळदा स्वतःला सांगितलं आहे. मी थांबले नाही. पेर दातांखाली घेतलं आणि चावले. ते मोडलं नाही. ते वाकलं.

मागे टाळ्या वाजल्या. मांडवातल्या पोरांना खेळ आवडला होता, आणि कुणीतरी मोबाइल वर धरून म्हणालं, "मॅडम, परत एकदा करा ना!"

७

नाशिकला पोहोचेस्तोवर दुखणं थांबलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ठोके ऐकले, डाग तपासला, पडून राहायला सांगितलं आणि म्हणाल्या, असं कधीकधी होतं, घाबरू नका. घरी आले तेव्हा सासूबाईंनी बुजगावणं उतरवून ठेवलं होतं. बांबू मला दाखवायला आणला. टोकाचं पेर खाली वाकलं होतं, चिरलेलं होतं, त्यावर दातांच्या खुणा होत्या. साधा ओलसर, किडका बांबू. मी हात लावून खात्री करून घेतली. मग त्यांनी तो चुलीत घातला आणि तो साध्या बांबूसारखाच जळला.

उरलेले महिने मी पडून काढले. आमची आरोही पूर्ण दिवसांची झाली, रडत आली, गुलाबी, तीन किलोच्या घरात. नर्सनं तिला माझ्या छातीवर ठेवलं तेव्हा मी आधी तिची बोटं बघितली. सगळ्याच आया बघतात.

उजव्या हाताचा अंगठा, करंगळी, सगळं ठीक होतं, फक्त तर्जनी मधल्या पेरात वाकलेली होती. मी ती हलकेच सरळ करून पाहिली, झाली नाही. पेराच्या दोन्ही बाजूंना बारीक फिकट वळ होते, वर दोन आणि खाली दोन.

"काही जणांना असतं जन्मतः," लहान मुलांचे डॉक्टर म्हणाले. "पोटात दाब पडतो. वर्षाची झाली की छोटंसं ऑपरेशन करू, सरळ होऊन जाईल."

"नको," मी म्हटलं.

"अहो, अगदी साधं असतं."

"नको," मी परत म्हटलं.  त्यानंतर योगेशनं हा विषय कितीदा तरी काढला आहे, त्याच्या बहिणींनी काढला आहे, माझ्या आईनं फोनवर रडून काढला आहे. पोरीच्या भवितव्याचा प्रश्न आहे, तू शिकलेली ना, असं सगळे म्हणतात. मी ऐकून घेते. ते बोट मी कुणालाही सरळ करू देणार नाही.

८

पोरं वर्षाच्या आत-बाहेर बोट दाखवायला लागतात. आरोहीही लागली. कावळा दिसला की बोट, म्हैस दिसली की बोट, आणि प्रत्येक वेळी वाकडं, पेर पुढे करून. सासूबाईंना कोण कौतुक! "माझ्या नातीला शिकवावं नाय लागलं. पोटातूनच शिकून आली." त्या हे आल्यागेल्याला सांगतात. माझ्याकडे मात्र बघत नाहीत तेव्हा.

न्हाणीघराच्या पाण्यावर त्यांनी दोन बिया टोचल्या होत्या. त्याचा वेल कुडावर चढला आणि परवा त्याला पहिलं डांगर धरलं, लिंबाएवढं. आरोही माझ्या कडेवर होती. तिला ते दिसलं आणि तिनं हात पुढे केला. डावा हात होता. बोट सरळ होतं.

काल सकाळी डांगर पिवळं पडून खाली गळलेलं सापडलं. मी ते उचललं, फोडलं, आत अळी शोधली. परागीभवन झालं नसेल, या दिवसांत मधमाश्या कमी असतात. हे सगळं मी स्वतःला सांगितलं आणि ते खरंही असेल.

आज दुपारी आम्ही दोघी पडवीत होतो. फाटक वाजलं. योगेश लवकर आला होता. मोटारसायकल लावून, हेल्मेट काढून तो वाटेनं चालत येत होता, आणि लेकीला बघून लांबूनच हसत होता. आरोही आनंदानं उसळली. "बा," ती म्हणाली. उजवा हात माझ्या गळ्याभोवती अडकला होता. तिनं डावा उचलला.

चार बोटं मिटलेली आणि एक सरळ.

योगेश मध्येच थांबला. त्यानं छातीवर हात ठेवला, जरासा चोळला, आणि पुन्हा चालू लागला.

मी आरोहीचा हात धरला. किती मऊ होता तो, आंघोळीनंतरच्या पावडरीचा वास येत होता. तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि खुदकन हसली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण मी थांबले नाही. बोट तोंडात घेतलं आणि पेर दातांखाली धरलं.

लांबून योगेश हसला. त्याला वाटलं, मी पापा घेतेय.